कन्या चार, त्यांतली दुसरी

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोडेगावात पंचायत समितीच्या एका टेबलापुढं उभा राहून तिथल्या कारकुनाला आमच्या घराण्याची वंशावळ भेट देत होतो. त्यानं ती मागितलेली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी बराच चिडणार आहे, आणि चिडणारा माणूस धुतल्या तांदळासारखा असतो असा कुणाचा समज व्हायला नको. पहिल्या पानावर ‘सस्नेह भेट’ लिहून झालं होतं, सही तेवढी राहिली होती. भाच्याचा आवाज फोनवर नेहमीपेक्षा हळू होता. “मामा, आई गेली. मेथी निवडीत बसली व्हती…” एवढंच बोलला. कारकून भला माणूस, त्यानं खुर्ची पुढं केली, पाण्याचा तांब्या सरकवला. मी बसलो, आणि हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं. त्या पुस्तकात सात पिढ्या आहेत, शेहेचाळीस घरं आहेत, दोन पैलवान आणि एक सैन्यातला सुभेदार आहे. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं नाव नाही. आणि पुस्तक मीच लिहिलेलं.

याला आता सहा आठवडे झाले. दुःख हळूहळू निवतं असं सगळे सांगतात, तसं ते निवतही असेल. पण राग निवत नाही. सकाळी दाढी करताना येतो, शाळेत परीक्षानळ्या धुताना येतो (मी एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक आहे), जेवताना तर हमखास येतो. बायको म्हणते, “कुणावर चिडलाय ते एकदा ठरवा, म्हंजी बाकीच्यांनी जेवायला बसायचं का न्हाई ते कळंल.” ते ठरवण्यासाठीच हे लिहितो आहे.

आक्काचं नाव मालन. जन्म शिनोलीचा, दिली जुन्नर तालुक्यात, पिंपळवंडीला. चार बहिणींत दुसरी. मी सगळ्यांत धाकटा, नवसाचा, त्यामुळं लाडावलेला आणि थोडा बिनकामाचा. तिनं तीस वर्षांहून जास्त अंगणवाडी चालवली. तिच्या मते अंगणवाडीत तीनच गोष्टी महत्त्वाच्या : वजनकाटा, खिचडीचं पातेलं आणि रजिस्टर. त्यातलं रजिस्टर सगळ्यांत वरचं. गावातल्या प्रत्येक उंबऱ्याआड किती माणसं, कोण दिवसांत आहे, कोणाचं बाळ किती किलोचं, हे सगळं तिच्या गोल, सुट्ट्या अक्षरात. ऊसतोडीला आलेल्या टोळीतल्या पोरांचीही नावं ती पालावर जाऊन लिहून आणायची. नाव ठेवलं नाही असं एखादी आई म्हणाली की तिथंच बसायची. “ठिवा मग. मी थांबते,” म्हणायची. बारशाआधीच असं नाव मिळालेली पाच-सहा माणसं आज पिंपळवंडीत संसार करतायत.

वाचायचं वेड तिला कुठून लागलं ते मला माहीत नाही, आमच्या घरात पंचांगापलीकडं छापील काही नव्हतं. पण एका संक्रांतीला तिनं हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलच्या वाट्यांऐवजी जुनी पुस्तकं वाटली. बायकांनी तोंडावर नाकं मुरडली, घरी नेऊन वाचली, आणि पुढच्या महिन्यात एकमेकींची मागायला लागल्या. त्यातून तिची पुस्तकांची बैठक सुरू झाली. आठ-नऊ बायका. ज्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात बैठक, कारण पुरुषमाणसं मोटारी चालू करायला रानात, घर मोकळं. बिबट्यामुळं अंधार पडल्यावर पायी कुणी जात नाही, म्हणून बायकांना आणायला आणि सोडायला दाजींची पिकअप. दाजी तक्रार करायचे, पण पिकअपच्या हौद्यात त्यांनी बायकांसाठी जुनी सतरंजी अंथरलेली असायची, ती धुवायलाही तेच टाकायचे.

आता वंशावळीचं. आमच्या भावकीत लग्नात, जत्रेत जुन्या गोष्टी रंगवून सांगणारा माणूस म्हणून माझं नाव आहे. कोणत्या आजोबांनी कुणाची बैलजोडी कशी जिंकली, कोण कुणाशी का बोलत नाही, हे मी आवाज काढून सांगतो. लोक हसतात, मला बरं वाटतं. त्यातूनच आण्णांनी, म्हणजे भावकीतल्या सगळ्यांत थोरल्या चुलतभावानं, वंशावळ छापायचं काम माझ्यावर टाकलं. मी लगेच हो म्हणालो आणि त्याच रात्री ध्यानात आलं की मला गोष्टी येतात, नावं येत नाहीत. नावं आक्काला येत होती. मग मी सलग आठ-नऊ रविवार पिंपळवंडीला गेलो. ती शेंगा फोडत, लसूण सोलत सांगायची, मी दोनशे पानी वहीत उतरवायचो. पहिल्या रविवारी ती सांगत होती, “ज्ञानबाला तीन ल्योक आन् दोन लेकी. लेकी गंगू आन् सोना. गंगू दिली…” मी म्हणालो, “आक्का, पोरींचं ऱ्हाऊ दे. पानावर जागा पुरत न्हाई.” ती थांबली. लसणाची एक पाकळी तिनं दोनदा सोलली असेल. मग पुढं सांगायला लागली, आणि त्या दिवसापासून तिनं एकाही लेकीचं नाव घेतलं नाही. मला वाटलं, आक्काला कामाची पद्धत कळली.

पुस्तक छापून आलं. शिनोलीच्या देवळात मेळावा झाला, मला शाल आणि नारळ मिळाला, फोटोत मी पोट आत घेऊन उभा आहे. प्रस्तावनेत मी लिहिलंय, ‘या कामी ज्ञात-अज्ञात अनेकांचे सहकार्य लाभले.’ आक्का मेळाव्याला आली होती. बायकांत मागं बसली होती. ज्ञात की अज्ञात, ते मी ठरवलेलं नव्हतं.

मागच्या थंडीत तिचा फोन आला. बैठकीत एक कोरियन कादंबरी घेतलीय, मराठीत आलेली, विटेएवढी जाड, एकाच घरातल्या चार पिढ्या, आणि सुरुवातीलाच त्यांची वंशावळ छापलेली. बायकांना नावं लागत नाहीत, सगळी सारखीच वाटतात, तर तू ये आणि वंशावळ कशी वाचायची ते समजावून सांग, तू त्यातला जाणकार. हा बेत तिच्या सुनेचा, प्राजक्ताचा. ती मोबाईलवर हिंदीत बोलणाऱ्या कोरियन मालिका बघते, तिनंच कादंबरीचा हट्ट धरला होता. जाणकार म्हटल्यावर मी फुगलो. इस्त्रीचा सदरा घातला, वंशावळीच्या पंधरा प्रती घेतल्या आणि दुपारच्या गाडीनं निघालो.

ती संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. पडवीत ताडपत्री सोडून वारा अडवलेला, मधे शेगडी, भोवती गोधड्या. प्राजक्तानं त्या लोकांसारखं कोबीचं तिखट लोणचं घातलं होतं, त्याच्या वासानं मांजर घर सोडून गेली होती. दाजींनी एक फोड खाल्ली आणि म्हणाले, “मागल्या साली कोबी बांधावर फेकून दिला तवा कुठं व्हती ही कोरियाची बाई?” मोबाईलवर एक चित्र दाखवत प्राजक्ता सांगत होती की तिकडं भाताची वळकटी करून तिचे काप करतात. आक्कानं चित्र पाहिलं, आत गेली आणि मासवडीचं ताट घेऊन आली. बेसनाच्या वळकटीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून कापलेली आमच्याकडची मासवडी त्या चित्राशेजारी ठेवली, आणि सगळ्या बायका पुढं वाकून बघायला लागल्या, कारण दोन्ही काप सख्ख्या जावांसारखे दिसत होते. तिथून पुढं कोरिया फार लांब राहिला नाही.

नावांचा घोळ त्यांनी माझ्याविनाच सोडवला होता, हे मला गेल्यावर कळलं. लसीकरणाच्या जुन्या तक्त्याच्या पाठीवर आक्कानं त्या घराचं झाड काढलं होतं आणि प्रत्येकाला गावचं नाव दिलं होतं : थोरला, मुका, चष्मेवाला, कोबीवाली. तरी माझा मान ठेवायचा म्हणून मला पाच मिनिटं बोलू दिलं. मी पंचवीस बोललो. मग चर्चा सुरू झाली. कादंबरीत त्या घराण्याचा वंशावळीचा ग्रंथ असतो, शेकडो वर्षांचा. युद्ध येतं, गाव पळून जायला लागतं. घरातली सून (हीच कोबीवाली) तान्ही मुलगी कडेवर आणि तो ग्रंथ पाठीला बांधून बर्फातून चालते, लोणच्याचे रांजण मागं सोडते, आईची शिवणाची पेटी सोडते, ग्रंथ सोडत नाही. पुढं नात म्हातारपणी तो ग्रंथ उघडते, तर आजीच्या जागी नाव नसतं. ‘अमक्या घराण्यातली’ एवढंच. आणि कडेवरच्या मुलीचा तर पत्ताच नाही.

आळेफाट्याच्या कापडदुकानवाल्या पुष्पाताई, त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, त्या म्हणाल्या की आमच्याकडं गावाकडून वही घेऊन माणूस येतो, सगळ्या पिढ्या घडाघडा वाचून दाखवतो, पण त्यातही बाईचं नाव मी ऐकलं नाही. एक जण म्हणाली, आपली लोकं तरी कुठं वेगळी. आणि मग मी, जाणकार, इस्त्रीचा सदरा घातलेला मी, बोलून गेलो, “अहो, आपल्याकडं पद्धत नीट असते. हे बघा.” आणि आणलेल्या प्रती वाटल्या.

माणूस आपल्या हातानं खड्डा खणतो म्हणतात. मी तर नऊ खणले आणि प्रत्येकीच्या मांडीवर एकेक ठेवला. थोडा वेळ पानांचा आवाज आला. मग प्राजक्तानं विचारलं, “मामा, आई कुठंयत ह्यात?” मी म्हणालो, पान अठरा. तिनं अठरावं पान मोठ्यानं वाचलं. वडलांचं नाव, खाली ‘पुत्र : किसन (अल्पायुषी), बाळासाहेब’. आणि त्याखाली ‘कन्या ४’.

आक्का शेगडीतला निखारा सारखा करत होती. मान वर न करता म्हणाली, “त्या कन्या चारमधली दुसरी मी.”

हा किसन कोण, ते कुणीतरी विचारलं. मी सांगायचं टाळलं, तर आक्कानंच सांगितलं. आमचा सगळ्यांत थोरला भाऊ. अकरा दिवसांचा होऊन गेला. बाराव्या दिवशी बारसं असतं, म्हणजे त्याला नावच नव्हतं. आई मनातल्या मनात त्याला किसन म्हणायची, आणि ते फक्त आक्काला सांगितलेलं होतं. आक्कानं मला सांगितलं, मी छापलं. बारसंही न झालेल्या पोराला वंशावळीत नाव आहे, कंसात ‘अल्पायुषी’ आहे. आणि ज्या बाईनं ते नाव साठ वर्षं जपून आणून मला दिलं, ती एका आकड्याचा पाव भाग.

बायका मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला मासवडी वाढली. रात्री दहाला दाजींनी पिकअपचा हॉर्न दिला, एकेक जण निघाली, पुष्पाताईंनी माझी प्रत परत दिली, म्हणाल्या, “ठेवा भाऊ, दुसऱ्या कुणाला द्या.” मी मुक्कामी होतो. सगळं आवरल्यावर आक्का माझ्यापाशी येऊन बसली. रागावलेली नव्हती. एखादं किरकोळ काम सांगावं तसं म्हणाली, “बाळू, माझं नाव घालशील का रे त्यात?”

मी हसलो. देवाशप्पथ सांगतो, मी हसलो. म्हणालो, “घालू की. पुढच्या आवृत्तीत.”

“पुढची कवा?”

“ही संपली की.”

तिनं मान हलवली. मला काही वाईट वाटलं असं आठवत नाही, मी गाढ झोपलो. अकरा आठवड्यांनी ती गेली, आणि त्या आवृत्तीचे दोन गठ्ठे अजून आमच्या माळ्यावर आहेत.

दशक्रिया नदीकाठी झाली. आमच्या भागात दशक्रियेला माणूस जेवढा मोठा तेवढी भाषणं जास्त, आणि आक्काचा थोरला मुलगा सोसायटीत संचालक, म्हणून भाषणं भरपूर. चौदा जण बोलले. सात जणांनी तिच्या मुलांची पदं सांगितली, तिघांनी दाजींच्या द्राक्षबागेची आठवण काढली, एका पुढाऱ्यानं तिला दोनदा मंगलबाई म्हटलं आणि कुणी दुरुस्त केलं नाही. आदर्श माता, आदर्श गृहिणी, माळकरी स्वभाव. गावातल्या निम्म्या तरुणांचं पहिलं वजन जिनं केलं, पहिलं नाव जिनं लिहिलं, जिच्या पडवीत आठ-नऊ बायका जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसांसाठी भांडत होत्या, तिच्याबद्दल एक शब्द नाही. त्या बायका पलीकडं घाटाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्यांना माईक कुणी दिला नाही, द्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. मला दिला. मी उभा राहिलो. गोष्टी सांगणारा म्हणून प्रसिद्ध असलेला मी म्हणालो, “आक्का लई प्रेमळ होती,” आणि खाली बसलो. एवढंच.

जेवणं झाल्यावर प्राजक्तानं मला आत बोलावलं आणि ती कोरियन कादंबरी हातात ठेवली. आईंनी तुमच्यासाठी ठेवली होती, म्हणाली. शेवटची तीन-चार पानं कोरी असतात ना, तिथं आक्कानं आमचं झाड काढलं होतं. माझ्या पुस्तकातलंच, सात पिढ्यांचं, पण पुरं. गंगू आणि सोना होत्या. प्रत्येक घरातल्या लेकी होत्या, कुठं दिल्या ते होतं, सुनांची माहेरची नावं होती. मी जागा पुरत नाही म्हणालो होतो, ते सगळं तिनं साडेतीन पानांत बसवलं होतं. निळ्या पेनानं, त्या गोल अक्षरात. एकच नाव पेननं नव्हतं. ‘मालन’ तेवढं शिसपेन्सिलीनं लिहिलेलं, फिकट.

मी म्हणालो, पेन संपलं असेल. प्राजक्ता म्हणाली, नाही मामा. आणि तिनं समजावलं. अंगणवाडीच्या रजिस्टरात आईंची रीत होती. गावातल्या बाईचं नाव पेनानं. बाळंतपणाला माहेरी आलेल्या बाईचं नाव शिसपेन्सिलीनं, कारण ती दोन-तीन महिन्यांची पाहुणी, सासरी गेली की खोडायचं.

मी पुस्तक मिटलं. मला वाटतं, माझा राग तिथं सुरू झाला.

त्यानंतरच्या रविवारी मी शिनोलीला भावकीची बैठक बोलावली. देवळात बारा-तेरा जण जमले. मी म्हणालो, दुसरी आवृत्ती काढू, लेकी-सुनांच्या नावांसह, सगळी माहिती तयार आहे. आण्णा शांतपणे पान जुळवत होते. म्हणाले, “बाळासाहेब, लेकी दिल्या घरी गेल्या. त्यांची नावं तिकडल्या वंशावळीत बघावीत.” मी सांगितलं की बघून आलोय. पिंपळवंडीच्या देवळात दाजींच्या भावकीचा मोठा फलक आहे, दाजींचं नाव आहे, खाली दोन मुलांची आहेत. तिकडंही आक्का नाही. म्हणजे ही बाई या दोन तालुक्यांत सत्तरीपर्यंत जगली ती नेमकी कुठं? यावर कुणी हसलं. कुणीतरी मागून म्हणालं, नावं छापायला हरकत नाही, पण उद्या हेच पुस्तक घेऊन बहिणी तलाठ्याकडं गेल्या तर? आणि सगळ्यांच्या माना हलल्या. मुद्दा तो होता. पद्धत, परंपरा वगैरे वरची साय होती, खाली हे होतं.

मी एरवी भांडत नाही. विनोद करून विषय बदलतो, त्यावरच माझं आयुष्य चाललंय. पण त्या दिवशी मला ते जमलं नाही. मी म्हणालो, “आण्णा, आक्कानं हक्कसोड करून दिलीय. मीच तिला गाडीवर बसवून घोडेगावला घेऊन गेलो होतो. चारी बहिणींनी सह्या केल्या, आपण चार साड्या घेतल्या. जमीन तिनं सोडली. नाव सोडल्याची सही कुठं केलीय ते दाखवा.”

आण्णांनी पान तोंडात टाकलं. “लई पुस्तकं वाचायला लागलास तू,” म्हणाले, आणि बैठक संपली.

पुढचा आठवडाभर मी फक्त धुसफुसलो. छापायला भावकीची मंजुरी लागते. पण लिहायला? हे मला आपणहून सुचलं असं म्हणायला आवडलं असतं. सुचलं बायकोला. तिनं आमच्या घरातली वंशावळीची प्रत माझ्यापुढं टाकली, वर पेन ठेवलं आणि म्हणाली, “छापू देत न्हाईत तर हातानं लिवा. तुमच्या आक्कानं रजिस्टरं काय छापून आणली व्हती?” तेव्हापासून मी दर रविवारी शिनोलीत घरोघर जातो. कादंबरीची शेवटची पानं समोर ठेवतो, त्या घरची प्रत मागतो, आणि ‘कन्या ३’, ‘कन्या ५’ खोडून त्यावर नावं लिहितो. आतापर्यंत अकरा घरं झाली. दोन घरांतून मला उंबऱ्यावरूनच परत लावलं, एका चुलतपुतण्यानं डोकं तपासून घ्यायचा सल्ला दिला. त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही.

मागच्या रविवारी आण्णांच्या घरी गेलो. आण्णा बाहेर गेलेले, हे माहीत करूनच गेलो, शूर असल्याचं सोंग कशाला करू. वहिनी ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. मी का आलो ते त्यांना कळलं होतं. सूप बाजूला ठेवून आत गेल्या आणि टीव्हीवरची प्रत आणून माझ्यापुढं ठेवली. मी त्यांच्या तीन नणंदांची नावं लिहिली. मग आण्णांच्या नावापाशी आलो आणि पेन थांबलं. चाळीस वर्षं मी या बाईच्या हातचं खाल्लं. वहिनींचं नाव काय, हे मला ठाऊक नव्हतं. सासरचं लक्ष्मी, ते पत्रिकांवर असतं. पण मूळचं?

विचारलं.

“आत्ता इचारताय व्हय भावजी? मालनवन्संना ठावं व्हतं.”

मी कादंबरीचं पान उलटलं. होतं. ‘हौसा, माहेर नारोडी.’ वहिनी चौथी शिकलेल्या, बोट ठेवून वाचतात. त्यांनी ते नाव वाचलं, मग बोट तसंच सरकवत पुढच्या फांद्यांवर नेलं, आमच्या घरापाशी आल्या आणि विचारलं की ही एकटीच शिसपेन्सिलीची का. मी सांगितलं, आक्काची रीत, बाळंतपणाला आलेल्या पाहुण्या बाईची.

वहिनींचा आवाज मी कधी चढलेला ऐकलेला नाही. तेव्हाही चढला नाही.

“पावणी न्हवती ती. हितंच जल्मली, ह्याच आळीत. आमच्या पुस्तकात पेनानं लिवा.”

मी अठरावं पान उघडलं. ‘कन्या ४’ खोडलं आणि चार नावं लिहिली, सरू, मालन, कुसुम, लता. वहिनींनी पुस्तक ओढून घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन चारी नावं मोठ्यानं म्हणाल्या, आणि शाई ओली आहे असं वाटून त्यावर फुंकर घातली. बॉलपेनची शाई, फुंकर कशाला, पण घालू दिली. आण्णांनी विचारलं तर काय सांगणार, हे मी विचारलं. म्हणाल्या, ते माझं मी बघते. पुस्तक तसंच उघडं ठेवून त्या चहा टाकायला आत गेल्या.

अजून पस्तीस घरं आहेत. कादंबरी आता माझ्याकडंच असते. तिच्या पुठ्ठ्यावर आक्काच्या हाताची हळद लागलेली आहे, आणि मधल्या कुठल्यातरी पानात कोबीवालीच्या प्रसंगापाशी तिनं खूण म्हणून मेथीची एक काडी ठेवलेली आहे, वाळून पिवळी झालेली. प्राजक्ता परवा फोनवर म्हणाली, मामा, त्या झाडात आईंचं नाव तुम्ही शाईनं गिरवून टाका ना. मी नाही म्हणालो. भावकीच्या शेहेचाळीस प्रतींत ते पेनानं येईल, मी जिवंत आहे तोवर आणतोच. पण त्या एका पानावर ते फिकटच राहू दे. जिनं आम्हाला सगळ्यांना नावानं ओळखलं, तिला स्वतःचं नाव जन्मघरात कशानं लिहावंसं वाटलं, हे पुढं कुणीतरी उघडून बघायला हवं… आणि बघून चिडायला हवं.